मांडव उतरल्यावरचा हिशेब

प्रति,
मा. अध्यक्ष व पदाधिकारी, अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ,
आणि शंभराव्या संमेलनाच्या स्वागत समितीचे सर्व सदस्य



जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९वं संमेलन पार पडलं. आता पुढचा आकडा शंभराचा. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकार जमले, तिथून ही मोजणी सुरू होते. शंभरावं म्हटल्यावर मांडव मोठा होणार, ग्रंथदिंडी लांबलचक होणार, पाहुणे वाढणार. हे सगळं थाटात व्हावं, असं मलाही मनापासून वाटतं. पण मांडवाचा पहिला बांबू रोवण्याआधी एका कामाकडे आपलं लक्ष वेधावं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते काम म्हणजे हिशेब. आणि हिशेब म्हणजे केवळ जमाखर्च नव्हे.

मी एका जिल्हा पातळीवरच्या संमेलनाचा कोषाध्यक्ष होतो. पावतीपुस्तकं, व्हाउचरं, कीर्द, खतावणी हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं. समारोपानंतर आठवड्याभराने समितीची बैठक झाली, तेव्हा मी उभा राहून सांगितलं की सगळी देणी भागवून ३८ हजार रुपये शिल्लक आहेत. टाळ्या झाल्या. वर्तमानपत्रात 'संमेलन आर्थिकदृष्ट्याही यशस्वी' अशी बातमी आली. ती बातमी मला आजही बोचते. त्या ३८ हजारांमागे काय होतं, हे मला समारोपाच्या रात्रीच समजलं होतं; बैठकीत बोलायचं धाडस मात्र झालं नाही.

त्या रात्री मुख्य मांडवात आभारप्रदर्शन चालू होतं आणि मी वसुलीसाठी ग्रंथप्रदर्शनाच्या बाजूला गेलो. एक विक्रेते उरलेली पुस्तकं खोक्यांत भरत होते. सुतळी दाताने तोडत, खोक्यावर खडूने आकडा टाकत. मी सहज विचारलं, "कसं झालं?" त्यांनी बिलबुक पुढे केलं. आम्ही दोघांनी तिथेच, ट्यूबलाइटखाली, खोक्यावर कागद ठेवून बेरीज केली. तीन दिवसांत छापील किमतीने ६४ हजारांची पुस्तकं गेली होती. त्यांना प्रकाशकाकडून सवलत ३५ टक्के. त्यातले १५ टक्के त्यांनी वाचकाला दिलेले. हाती राहिले २० टक्के, म्हणजे १२,८०० रुपये. आता खर्च: आमचं गाळ्याचं भाडं ६,०००, टेम्पोचं जाणं-येणं ५,५००, दोन माणसांचा मुक्काम आणि जेवण ३,६००. एकूण १५,१००. म्हणजे २,३०० रुपयांचा तोटा. दोन माणसांची तीन दिवसांची मेहनत त्यात धरलेलीच नाही. नुसतं बरोबरीत यायलाही त्यांना साडेपंच्याहत्तर हजारांची विक्री लागली असती.

मग मी आमची बाजू मांडली. असे ४० गाळे होते. पत्रे, टेबलं, दिवे धरून एका गाळ्यामागे आम्ही मांडववाल्याला २,८०० रुपये दिले आणि विक्रेत्याकडून ६,००० घेतले. गाळ्यामागे ३,२००, म्हणजे ४० गाळ्यांचे १ लाख २८ हजार. ही कमाई वजा केली, तर आमचं संमेलन ३८ हजारांच्या शिलकीत नव्हतं. ९० हजारांच्या तुटीत होतं. ती तूट आम्ही पुस्तकवाल्यांच्या खिशातून भरून काढली होती. पुस्तकांसाठी भरवलेल्या सोहळ्याची तूट पुस्तक विकणाऱ्याने भरली, आणि आम्ही त्याला यश म्हणालो.

त्या दिवसापासून माझं एक मत झालं आहे. संमेलन कसं झालं हे शिल्लक रकमेवरून ठरवू नये. शिल्लक कुणाच्या पैशाने राहिली, खर्च कुणापर्यंत पोचला आणि राबलं कोण, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आज आपण जे हिशेब करतो ते कायद्यापुरते असतात. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे परिशिष्ट ८ मध्ये ताळेबंद आणि परिशिष्ट ९ मध्ये उत्पन्न-खर्च पत्रक देते. ऑडिटर सही करतो, धर्मादाय कार्यालयात कागद जातात. ते चोख हवंच. पण त्या नमुन्यात कुठे लिहायचं की दुपारच्या परिसंवादाला किती खुर्च्या भरल्या? विक्रेत्याच्या हाती काय पडलं? स्वयंसेवक म्हणून दीडशे मुलं तीन दिवस उभी होती, त्यांचे तास कुठल्या रकान्यात? ऑडिट पैसा कुठे गेला ते सांगतं. त्या पैशाचं काय झालं, हे आपणच मोजायला हवं.

आधी खर्च घ्या. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. पुस्तकांसाठी घातलेल्या मांडवावर मात्र १८ टक्के. दहा लाखांचा मांडव करासह ११ लाख ८० हजारांना पडतो, आणि जीएसटीत नोंदणी नसलेल्या यजमान संस्थेला तो कर परत मिळत नाही. म्हणजे मांडव जितका अवाढव्य, तितका साहित्याचा पैसा करात जास्त जाणार. आता ढोबळ १२ लाख धरू आणि त्या मांडवात तीन दिवसांत दहा कार्यक्रम झाले असं समजू. एका कार्यक्रमाच्या वाट्याला १ लाख २० हजार येतात. रात्रीच्या कार्यक्रमाला २,४०० माणसं बसली, तर माणशी ५० रुपये. दुपारी दोनच्या परिसंवादाला ३०० माणसं बसली, तर माणशी ४०० रुपये. हा आकडा पाहून कुणी म्हणेल, परिसंवाद बंद करा. पण थांबा. तोच परिसंवाद शेजारच्या महाविद्यालयाच्या ४०० आसनांच्या सभागृहात ठेवला आणि त्याला १५ हजार खर्च आला, तर त्याच तीनशे श्रोत्यांमागे खर्च माणशी ५० रुपयांवर येतो. वक्त्यांना रिकाम्या खुर्च्यांच्या समुद्राकडे पाहून बोलावं लागत नाही, सभागृह भरलेलं दिसतं, प्रश्नोत्तरं होतात. परिसंवादात काहीच खोट नव्हती. चुकली होती जागा, आणि ती चूक खुर्च्या मोजल्याशिवाय दिसली नसती.

मोजमाप म्हटलं की साहित्यिक मित्र धास्तावतात, हे मी जाणतो. त्यांना वाटतं, आकडे आले की बालकुमारांचा मेळावा जाईल, बोलीभाषांचं सत्र जाईल, कविकट्टा जाईल, आणि गर्दी खेचणारा तारांकित कार्यक्रम तेवढा उरेल. ही भीती खरी आहे, म्हणून तिचं उत्तरही नीट द्यायला हवं. जे सत्र पैशाच्या हिशेबात तोट्याचं आहे, ते तोटा माहीत असून करावं. अहिराणीतल्या कथाकथनाला दोनशेच माणसं येतील हे ठाऊक असताना आपण ते ठेवतो, कारण ते आपलं काम आहे. तो तोटा आपण डोळे उघडे ठेवून पत्करलेला असतो, आणि भाषेसाठी एवढं पत्करायलाच हवं. मात्र ज्या तोट्याचा पत्ताच नाही, त्याला संस्कृतीचं नाव देता येत नाही. तो निव्वळ निष्काळजीपणा ठरतो. आकडा समोर असला की छोट्या सत्राची बाजू ठामपणे मांडता येते. आकडा नसला, तर पैसे आखडले की पहिली कात्री त्याच सत्राला लागते.

आता माणसांकडे येतो. माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट इथे आहे.

आमच्या संमेलनाच्या पहिल्या दिवशी सकाळी प्रतिनिधी नोंदणीच्या टेबलांपुढे गोंधळ झाला. तीन टेबलं, महाविद्यालयातली सहा मुलंमुली आणि समोर रांग. साडेदहाला उद्घाटन, साडेदहा झाले तरी रांग रस्त्यापर्यंत. एक ज्येष्ठ प्रतिनिधी संतापून म्हणाले, ही आजकालची मुलं आळशी आहेत. आमच्या एका पदाधिकाऱ्यांनीही सगळ्यांदेखत त्या मुलांना झापलं. त्यातली एक मुलगी कोपऱ्यात जाऊन रडली. दुपारी ती पुन्हा टेबलावर येऊन बसली, पण तिचा चेहरा मी विसरलो नाही.

घरी आल्यावर मी साधं गणित केलं. एका प्रतिनिधीची नोंद करायला चार मिनिटं लागत होती. कारण अर्ज तिथेच दोन प्रतींत भरून घ्यायचा, शुल्काची पावती फाडायची, मग बिल्ला, पिशवी आणि जेवणाची कुपनं द्यायची. प्रतिनिधी सहाशे. सहाशे गुणिले चार, म्हणजे २,४०० मिनिटं, म्हणजे ४० तास. तीन टेबलांत वाटले तर प्रत्येकी १३ तास २० मिनिटं. आणि आम्ही वेळ दिली होती आठ ते साडेदहा, म्हणजे अडीच तास. त्या मुलांनी पाणीसुद्धा न पिता काम केलं असतं तरी ते होणं शक्य नव्हतं. अर्ज आणि शुल्क आधीच घेतलं असतं, तर नुसता बिल्ला आणि पिशवी द्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. सहाशे जणांसाठी एकूण पाच तासांचं काम. तीन टेबलांवर एक तास चाळीस मिनिटं. तीच मुलं, तीच टेबलं, आणि उद्घाटन वेळेवर.

हे गणित आम्ही, पदाधिकाऱ्यांनी, आदल्या रात्री करायला हवं होतं. आम्ही केलं नाही आणि बोलणी मुलांनी खाल्ली. माणसांची कार्यक्षमता मोजा असं मी म्हणतो ते यासाठी. मोजलं नाही की दोष नेहमी शेवटच्या माणसाच्या माथी बसतो: टेबलावरच्या मुलीच्या, वाढप्याच्या, माइक लावणाऱ्याच्या. मोजलं की कळतं, काम अडलं ते आखणीत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की स्वयंसेवकांना गुण देऊ नका, त्यांची क्रमवारी लावू नका. काम मोजा. एका नोंदणीला किती मिनिटं, एका पंगतीला किती वाढपी, एका सत्रानंतर मंच आवरायला किती वेळ, वृद्ध श्रोत्याला वाहनतळापासून मांडवात पोचायला किती चालावं लागतं. हे आकडे कुणाच्याही विरुद्ध जात नाहीत, आणि सगळ्यांच्या कामी येतात.

आणि माणसांचे तासही मोजा. दीडशे स्वयंसेवक, रोज दहा तास, तीन दिवस: ४,५०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेपाचशेहून जास्त दिवसांचं काम. एका माणसाची जवळजवळ दोन वर्षांची नोकरी आपण तीन दिवसांत खर्च करतो, आणि ताळेबंदात तिची किंमत शून्य लागते. शून्य किमतीची वस्तू माणूस उधळतो. म्हणून मंचाच्या मागे बिल्ले लावलेले वीस जण नुसते उभे असतात आणि भोजनकक्षात दोघं जण सातशे माणसांची कुपनं फाडत असतात. स्वयंसेवेला पैशाचं मोल लावा असं मी म्हणत नाही. पण तासांची नोंद ठेवा, म्हणजे त्या तासांची कदर होईल. शिवाय नगरपालिकेचे सफाई कामगार, कामगिरीवर बोलावलेले शिक्षक, केटररकडे रोजावर भांडी घासणाऱ्या बाया हेही संमेलन उभं करणारेच लोक आहेत. त्यांचा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी वहीत पडतो, म्हणून आपल्याला तो दिसत नाही.

१८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं होतं, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कष्टकरी बहुजनांचं दुःख या सभांत आणि या पुस्तकांत उमटत नाही, हा त्या पत्राचा रोख होता. तो सवाल साहित्याला होता. पण आपल्या मांडवालाही तो विचारावासा वाटतो. उष्टी काढणाऱ्या हातांची नोंद आपल्या अहवालात कुठल्या पानावर आहे?

ही मोजणी काही परकी रीत नव्हे. आळंदीहून निघणारा पालखी सोहळा पाहा. प्रत्येक दिंडीला क्रमांक, प्रत्येकाचं काम ठरलेलं: विणेकरी, टाळकरी, झेंडेकरी, चोपदार. वारकरी भिशी भरतो आणि त्यातून दिंडीच्या जेवणाची, ट्रकची सोय होते. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात. चोपदाराचा दंड वर गेला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि मगच आरती होते. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही तिथेच. म्हणजे त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, आरतीच्या आधी. आपल्या संमेलनात असा टाळ वाजवायची जागा कुठे आहे? विक्रेत्याने, स्वयंसेवकाने, लांबच्या गावाहून आलेल्या प्रतिनिधीने आपली तक्रार कुणापुढे मांडायची?

आपल्यापुढे एक खास अडचण आहे, तीही बोलून दाखवतो. महामंडळाची स्थापना १९६१ ची. कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जातं: पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. संमेलनाचं यजमानपद तर दरवर्षी नव्या गावाकडे. घुमान, बडोदा, उदगीर, वर्धा, अमळनेर, दिल्ली, सातारा. हे फिरणं ही आपली शोभा आहे. त्यामुळे संमेलन कुणा एकाची मिरास झालं नाही. पण त्याची एक किंमत आपण मोजतो. प्रत्येक गाव सगळं नव्याने शिकतं आणि शिकलेलं मांडव उतरल्याबरोबर पांगतं. उदगीरच्या माणसाला जे कळलं ते वर्ध्याच्या माणसाच्या हाती पडावं, यासाठी एक वही लागते. ती वही तयार करायला शंभराव्या संमेलनाइतका चांगला मुहूर्त नाही.

म्हणून पाच गोष्टी मागतो.

पहिली, उत्पन्नाचे चार भाग वेगळे दाखवा: शासनाचं अनुदान, देणग्या, प्रतिनिधी शुल्क आणि गाळ्यांचं भाडं. अनुदान वगळून संमेलन कुठे उभं राहतं, हे लोकांना कळू द्या. शासनाचा पैसा म्हणजे लोकांचाच पैसा.

दुसरी, गाळ्याचं भाडं गाळा उभारायला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त घेऊ नका. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक विक्रेत्याकडून, नाव न लिहिता, एक चिठ्ठी घ्या: विक्री किती, खर्च किती, पुढच्या वर्षी याल का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याही ताळेबंदापेक्षा मोलाचं वाटतं.

तिसरी, प्रत्येक सत्राला सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीनदा डोकी मोजा. दोन विद्यार्थी आणि एक कागद एवढ्यात हे होतं. 'भरगच्च प्रतिसाद' या दोन शब्दांऐवजी अहवालात तो आकडा छापा.

चौथी, स्वयंसेवकांच्या कामाचे तास नोंदवा, पाळी आठ तासांपेक्षा लांबवू नका, आणि रोज रात्री अर्धा तास त्यांच्यासोबत बसा. काय अडलं ते त्यांनी सांगायचं, पदाधिकाऱ्यांनी ऐकायचं, आणि दुसऱ्या सकाळी निदान एक गोष्ट बदललेली दिसली पाहिजे.

पाचवी, साठ दिवसांच्या आत हे सगळं एका पुस्तिकेत छापा. चुकांसकट. पहिली प्रत पुढच्या यजमान गावाच्या हातात द्या.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, बाहेरून सल्लागार आणावा लागत नाही. लागते ती प्रामाणिक इच्छा, आणि टाळ्यांनंतर थोडा वेळ थांबायची तयारी.

पहिल्या सभेचे अध्यक्ष न्यायमूर्ती होतेच, शिवाय ते अर्थशास्त्रज्ञही होते. भारतीय अर्थशास्त्रावर रानड्यांनी निबंध लिहिले, देशाच्या दारिद्र्याची कारणं शोधली. भाषेची काळजी आणि पैशाचा हिशेब या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या. शंभराव्या वेळी आपण त्यांचं नाव प्रवेशद्वाराला द्याल, त्यांची तसबीर लावाल. त्यासोबत त्यांची ही सवयही उचला.

ते विक्रेते त्यानंतर आमच्या संमेलनाला पुन्हा आले नाहीत. शंभराव्या संमेलनाच्या शेवटच्या रात्री, आभार मानून झाल्यावर, आपल्यापैकी एकाने तरी ग्रंथप्रदर्शनाच्या बाजूला जावं, खोकी बांधणाऱ्या माणसाशेजारी बसावं आणि त्याच्या बिलबुकाची बेरीज करावी, एवढी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एका जिल्हा संमेलनाचा माजी कोषाध्यक्ष